आबांच्या गाडीचा शाफ्ट

बारावीच्या पोरी स्क्रू गेजनं तारेची जाडी मोजत होत्या आणि मी त्यांच्या मागून फिरत, कोण रीडिंग न घेताच वहीत आकडे ठोकतंय ते बघत होते, तेवढ्यात शिपायानं माझ्या टेबलावर एक गाठोडं आणून आपटलं. आपटलंच. एक पोरगी दचकली, बाकीच्या खिदळायला लागल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, वरून सुतळी, आणि फडक्यातून पाझरलेल्या तेलाचा नव्या जर्नलवर गोल डाग. "चुडाव्याहून आलंय, मॅडम. पॅसेंजरनं एक माणूस आला होता, गेटवर ठेवून गेला. लोखंड हाय बहुतेक." बहुतेक म्हणे! मी परभणीला मुलींच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबची असिस्टंट आहे, मॅडम म्हणतात तो लोकांच्या मनाचा मोठेपणा. पण माहेरच्या गाठोड्यात काय आहे हे सांगायला मला लॅबची गरज नव्हती, वासावरूनच कळलं. डिझेल, जळकं ऑइल आणि आईच्या लुगड्याचा साबण. पोरींना म्हटलं, "दात काढू नका, रीडिंग काढा," आणि ते उचलून मागच्या बॅटऱ्यांच्या खोलीत नेलं. सुतळी सोडली. वीतभर लांबीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनात फिरणारा दांडा, एका टोकाला दात्यांचं चाक, मधे तीन उंचवटे. माझे वडील, आबा, त्यांना नाकं म्हणतात. पहिलं नाक इंजिनात हवा घेणारी झडप उघडतं, दुसरं धूर सोडणारी, तिसरं डिझेलच्या पंपाला टोचा देतं. दुसरं नाक झिजून पार बसकं झालं होतं. डोळ्यांना दिसत होतंच की, तरी मी डोळे मिटले आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. हात आपोआप गेला. बाहेर काहीतरी खळकन फुटलं, बहुतेक बीकर, आणि मी तिथंच नखाखालच्या बारीक खाचा मोजत उभी. एरवी मी एका बीकरसाठी सबंध बॅचला उभं करते. त्या दिवशी मला साधा रागही आला नाही आणि त्यानं मी जास्तच अस्वस्थ झाले.

दुपारी आबांचा फोन आला. ना जय भीम, ना कशी हाईस. "पोचलं का?" "पोचलं, आन् माझ्या टेबलाचं वाटोळं केलं." "दुसरं नाक बगितलंस?" "बगितलं." "नख लावून?" मी म्हटलं, "आबा, मला दुसरी कामं न्हाईत का?" तिकडून हसल्यासारखं काहीतरी. "लावलंस की. मला म्हाईत हाय." मग सूचना सुरू. वेल्डिंग भरून घासून घ्यायचं नाही, त्यानं शाफ्ट वाकतो. भंगारवाल्या मकदूमभाईकडं जुना असला तर बघायचा. "न्हाईतर नवा भेटला तरी चालंल," म्हणाले, "चकचकीत असला तरी चालंल आता." मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. ज्या माणसानं जन्मभर नव्या मालाला 'पावडर लावून उभा केलाय' म्हणून नावं ठेवली, ज्यानं माझ्या लग्नात आलेल्या मिक्सरचंही झाकण उघडून आतलं बुश बघितलं, तो म्हणतो चकचकीत चालंल. मला वाटलं म्हातारा माझी परीक्षा घेतोय. पोरगी परभणीला जाऊन किती बिघडलीय ते बघतोय. "कळलं," म्हटलं आणि फोन ठेवला, आणि नंतर कितीतरी वेळ उगंच पदराच्या टोकानं नख पुसत बसले.

गाडी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर कुणालाही वाटेल एवढा काय आटापिटा. तीन चाकांची जुनी मालवाहू गाडी, स्कूटरसारखं हँडल, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोरी ओढून चालू होणारं. आबांनी ती नांदेडहून भंगारात आणली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच्या आदल्या वर्षी आबांना वावरात साप चावला होता, आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. गावातले लोक हळहळले, आणि हळहळून झाल्यावर त्यांना लंगडा सटवाजी म्हणायला लागले. आबा सहा महिने बाजेवर पडून वरच्या आढ्याकडं बघत होते. मग एक दिवस ती गाडी आली. हँडलवरच क्लच, हँडलवरच गिअर, ब्रेकला उजवा पाय. डाव्या पायाचं तिथं कामच नव्हतं. मागची चाकं काढून त्यांनी रुंद टायरांची बसवली, टप कापून टाकला, आणि वावरात जाणाऱ्या ज्या पांदणीत पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा बुडापर्यंत रुततो त्या काळ्या मातीतून ही हलकी गाडी टुकूटुकू जायला लागली. खताची पोती, कापसाची गाठोडी, बाळंतिणी, शाळेची पोरं, एकदा तर बोहल्यावर चढायचा नवरदेव. लंगडा सटवाजी कुणी म्हणेना झालं. गाडीवाले आबा म्हणायला लागले. आणि आबांना खाली वाकता यायचं नाही, बसकण मारता यायची नाही, म्हणून गाडीखाली मी. नऊ वर्षांची, दोन वेण्या वर बांधून, पाठीखाली पोतं. वरून आबा सांगायचे, खालून माझे हात. "डोळे मीट," म्हणायचे, "डोळा फसतो. नख लाव. नखाला खोटं बोलता येत न्हाई." मी चिडायचे, रडायचे, आईच्या नावानं शिमगा करायचे की माझ्या मैत्रिणी बाहेर खेळायल्यात आणि मला ह्या भंगाराखाली घातलंय. आणि तरी नळ्यातून पहिला धूर फुटला की सगळ्यात आधी ओरडायचे मीच.

संध्याकाळी आईचा फोन आला. कुसुमबाई, म्हणजे माझी आई, फोनवर नेहमी ओरडून बोलते, मधे तीन स्टेशनं आहेत म्हणून असेल. त्या दिवशी ती कुजबुजत होती. "सुकेशनी, ऐक माझं. सापडला न्हाई म्हणून सांग." "काय सापडलं न्हाई?" "ती लोखंडाची बला. न्हाई म्हण. फिरले फिरले, न्हाई भेटली म्हण. माझ्या गळ्याची आण हाय तुला." मग ती रडायला लागली आणि मला तिचा राग आला. रडणाऱ्या आईचा राग येणं चांगलं नाही हे मला कळतं, पण आला. मागच्या पावसाळ्यात नाल्याच्या उतारावर गाडी कलंडली होती आणि आबा तिच्या सांगाड्याखाली अडकून पडले होते. तीन तास. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. आई घरी भाकरी झाकून वाट बघत बसलेली. शेवटी शेजारची शिवकन्या वैरणीला गेली तिला दिसलं म्हणून. बरगड्या मोडल्या, महिनाभर परभणीला माझ्याकडं होते. माझ्याकडं म्हणजे कसे, तर गॅलरीत खुर्चीवर बसून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज ऐकायचे आणि कुठलीचा टॅपेट ढिला आहे ते माझ्या नवऱ्याला, सिद्धोधनला, सांगायचे. तो बिचारा मराठीचा मास्तर, हो हो म्हणायचा. बरगड्या जुळल्या तसे परत गेले आणि परत गाडीवर बसले. "आता पाऊस तोंडावर आलाय," आई म्हणाली, "ह्या बारीला मला त्यांचं तोंड दिसायचं न्हाई. तू न्हाई म्हणलीस तर तुझं ऐकतील. दुसऱ्या कुणावर त्यांचा इस्वास न्हाई." हे तिनं बरोबर ओळखलं होतं. आबांचं गाडीवर बसणं आणि आईचं कुंकवाबद्दलचं सगळं भय, दोन्ही एकाच वेळी माझ्या हातात आलं होतं, आणि मला दोन्ही नको होतं.

बन्सीधर सेठच्या दुकानात गेले ते खरं तर नाही म्हणायचं ठरवूनच, फिरले हे तरी खोटं नको म्हणून. सुटे भाग विकणारा माणूस, दात पानानं लाल, बायका दुकानात आल्या की त्याला वाटतं चुकून आल्या. "ताई, शिलाई मशीनचं समोर मिळतं." मी पिशवीतून तो तेलकट शाफ्ट काढून काउंटरवर ठेवला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. आतून एक लांबट खोका घेऊन आला. नवा शाफ्ट, पिवळ्या मेणकागदात, असा चकचकीत की त्यात माझं तोंड लांबुडकं दिसत होतं. मी पर्समधून कॉलेजचं व्हर्नियर काढलं, हो, आणलं होतं मी, कुणाला न विचारता. उंची बरोबर. चाकाचे दाते बरोबर. मग तो आतल्या गिऱ्हाइकाकडं वळला तेवढ्यात मी नेलकटर काढला आणि त्याच्या बारीक कानशीचं टोक शाफ्टच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळूच ओढलं. पक्क्या लोखंडावरून कानस घसरते. ह्यावर ती अडकली. बारीक चांदीसारखी भुकटी माझ्या बोटाला लागली. कच्चा. नुसती वरून पॉलिश. असला शाफ्ट बसवला की गाडी पहिल्या दिवशी झकास चालणार, आठ दिवस चालणार, मग नाकं झिजायला लागणार, आणि झिजलेली भुकटी ऑइलातून सगळ्या इंजिनात फिरणार. दोन महिन्यांत इंजिन कायमचं बसणार. म्हणजे पाऊस नीट पडायला लागेल त्याच सुमाराला. कुणी मला दोष द्यायचं नाही. नवा आणला होता हो पोरीनं, खोक्यातला. मी हे उभ्या उभ्या एवढं सगळं नीट रचलं की माझा मलाच घाम फुटला. "देऊ का?" सेठ म्हणाला. "द्या," म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

घरी आले तर सिद्धोधन म्हणाला, "मिळाला का? वा, नवा कोरा!" आणि खोका हातात घेऊन फिरवून बघायला लागला. मी तो हिसकावून घेतला. "काय झालं?" "काही नाही, तेल लागेल." तेल कुठं होतं त्याला! स्वयंपाकघरात जाऊन मी पीठ मळायला घेतलं आणि मळतच राहिले. माझी पोरगी सृष्टी म्हणाली, "आई, पीठ मेलं असंल आता." मला हसू आलं आणि लगेच रडू यायला लागलं म्हणून मी मसाल्याचा डबा शोधायला वाकले. गॅलरीतल्या त्या खुर्चीत बसलेले आबा आठवत होते. महिनाभर दाढी वाढलेली, डावी पॅन्ट खाली दुमडून पिन लावलेली. एकदा मी त्यांना चहा द्यायला गेले तर ते माझ्याकडं न बघता म्हणाले होते, "सुके, इथं मला कुणी हाक मारीत न्हाई गं." मी म्हटलं होतं, आम्ही नाही का मारत. म्हणाले, "तुमी जेवायला मारताव." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता ते वाक्य माझ्या मागंच लागलं होतं. गाडी बंद पडली की ते परत त्या खुर्चीत येणार. आणि मी तो जेवायला हाक मारणारा आवाज. पण खुर्चीत निदान जिवंत असतील. पण जिवंत असून आढ्याकडं बघत. पण नाल्यात बुडाले तर. पण, पण, पण. कणीक चिकट झाली, पोळ्या सगळ्या फाटल्या.

दुसऱ्या दिवशी मी मकदूमभाईकडं गेले. कशाला गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एक शाफ्ट आणला होता, विषय संपला होता. पण कॉलेज सुटलं आणि पाय गंगाखेड रोडला वळले, जिथं जुन्या लोखंडाच्या ढिगांच्या रांगा आहेत. मकदूमभाई एका मोडक्या सीटवर बसून काजळीनं काळे झालेले व्हॉल्व्ह निवडत होते. चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मला त्यांनी पंधरा वर्षांनी बघितलं असेल, पण म्हणाले, "सटवाजी की बेटी. गाडी के नीचे सोनेवाली." मग उठले, ढिगामागं गेले आणि बराच वेळ खडखडाट करून एक शाफ्ट घेऊन आले. काळपट, कुठं कुठं गंजाचे ठिपके, पण नाकं अशी की मी बघूनच हात पुढं केला. डोळे मिटले. नख फिरवलं. पहिलं नाक गुळगुळीत. दुसरं गुळगुळीत. तिसरं तसंच. कुठं अडकत नाही, कुठं खाच नाही. कानस घसरली. "असली है," मकदूमभाई म्हणाले, "तुमच्या अब्बाच्याच जमान्याचा. एका पाणीवाल्याच्या गाडीचा होता, बिचारा मेला, पोरांनी गाडी तोडून टाकली." मग त्यांनी तारेत ओवलेले तीन टॅपेट दिले. टॅपेट म्हणजे नाकावर बसून वर-खाली होणारे छोटे दांडे. पहिल्याच्या तारेला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्या नाकावर जो टॅपेट झिजला तो त्याच नाकाला लावायचा, अदलाबदल केली की दोघंही एकमेकांना खातात. "साथ में घिसे हैं, साथ में जाने दो," म्हणाले, आणि परत व्हॉल्व्ह निवडायला बसले. मी तो घेतला. घेतला म्हणजे काय, छातीशी धरला. साडीची वाट लागली.

तर झिजलेला सोडून माझ्याकडं दोन शाफ्ट झाले आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. एक खोक्यात, एक आईच्या लुगड्याच्या फडक्यात. घरी ठेवायची सोय नव्हती, सिद्धोधन विचारणार दोन कशाला, आणि त्याला खरं सांगितलं की तो म्हणणार दोन्हीही बरोबर आहे तुझं. त्याला सगळं दोन्ही बाजूंनी बरोबर दिसतं, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. म्हणून मी दोन्ही लॅबच्या कपाटात आणून ठेवले, तुटलेल्या तराजूंच्या मागं. आठवडाभर दर तासाला मी त्या कपाटाकडं बघत होते. मधल्या सुट्टीत दार लावून दोन्ही टेबलावर मांडायचे. व्हर्नियरनं मोजायचे. काय मोजत होते? सगळं मोजून झालं होतं. नव्याला म्हणायचे, तू आईचा. जुन्याला म्हणायचे, तू आबांचा. मग वाटायचं हे काय पोरखेळ लावलाय, आणि उलटं वाटायचं: आबा मेले तर जुन्यानं मारले असं होईल, आणि मारणारी मी. नवा दिला तर आबांना मीच बसवणार, हळूहळू, कुणाला न कळू देता, त्यांनीच शिकवलेल्या अकलेनं. नवा दिल्यावर ते डोळे मिटून नख लावणार नाहीत का? लावतील. पण नख झीज सांगतं, कच्चं-पक्कं सांगत नाही, आणि त्यांची कानस मागच्याच वर्षी त्या नाल्यात गेली. हेसुद्धा मला माहीत होतं. इतकं माहीत असलेली पोरगी कुणाला असू नये. आई रोज दोन मिस कॉल द्यायची. मी उचलत नव्हते. आबांचा एकही फोन आला नाही. त्यांची खात्री झाली असेल की पोरगी आणतेय म्हणून. त्या खात्रीचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं निघाले, दोन्ही पिशवीत घेऊन. म्हणजे काहीच ठरवलं नव्हतं. डब्यात गर्दी नव्हती, उन्हाचे चौकोन सीटवर पडले होते, समोर एक बाई पेरूच्या टोपलीवर हात ठेवून पेंगत होती. पिशवी मी मांडीवर घेतली, खाली ठेवावी वाटेना. पूर्णेला गाडी थांबली ती थांबलीच. क्रॉसिंग म्हणे. मी खिडकीतून बघत होते. एक म्हातारा प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसला होता, बरोबर त्याचा मुलगा, मोबाइलमधे डोकं घातलेला. म्हातारा काहीतरी विचारत होता आणि मुलगा न बघताच "हां, हां" म्हणत होता. चांगले कपडे होते म्हाताऱ्याचे, पायात नवी चप्पल, हातात पाण्याची बाटली. कसलाच त्रास नव्हता त्याला. मी उठून दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मेले तर मरू देत. आपल्या गाडीवर, लोकांनी हाका मारताना, मरू देत. मी कोण त्यांना बाटली हातात देऊन बसवणारी? आई जन्मभर बोलणार नाही, न बोलू दे. हे मनात म्हटल्यावर मला रडू आलं, आणि रडल्यावर पहिल्यांदा आठ दिवसांत छाती मोकळी झाली. पेरूवाली जागी होऊन म्हणाली, "माहेरी चाललीस का गं बाई?" मी म्हटलं, "हो." तिनं एक पेरू काढून दिला.

घरी पोचले तर आबा ओट्यावर बसून होते, पुढ्यात इंजिनाचं झाकण, बोल्ट डिझेलमधे धुऊन वर्तमानपत्रावर मांडलेले. ते पहिल्यापेक्षा लहान दिसले, किंवा शर्ट मोठा झाला होता. आई दारात आली आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. "आणलास?" आबा म्हणाले. मी पिशवीत हात घातला, फडक्यातला शाफ्ट काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटले. पहिल्या नाकावरून नख गेलं, दुसऱ्यावरून गेलं, तिसऱ्यावरून जाताना थांबलं आणि परत मागं येऊन दुसऱ्यावर टेकलं. बराच वेळ टेकलं. "जुना हाय, तरी झिजला न्हाई. पक्का हाय," म्हणाले. चेहरा एकदम ढिला पडला. मला वाटलं समाधान. मला स्वतःचा असा अभिमान वाटला की सांगता सोय नाही. आई आत निघून गेली आणि भांडी आपटल्याचा आवाज आला. मी पदर खोचला, पोतं टाकलं आणि चाळीस वर्षांची बाई गाडीखाली शिरले. वरून आबा सांगत होते, जुन्यासारखंच, पण आवाज कमी. "ठिपक्याला ठिपका." दोन चाकांवर दोन ठिपके असतात, ते समोरासमोर आले की झडपा वेळेवर उघडतात. एका गाठीचा टॅपेट पहिल्याला, दोन गाठींचा दुसऱ्याला. ऑइल माझ्या कोपरापर्यंत आलं, केसात गेलं. मी खालून चेष्टा केली, "काय आबा, आज शिव्या कामून देईना गेलाव?" ते म्हणाले, "चुकत न्हाईस ना. कशाच्या देऊ?"

गाडी बाहेर काढेपर्यंत पाच-दहा माणसं जमलीच. शिवकन्या आली, डोक्यावर पाटी. "आबा, झाली का हो गाडी? उद्या माजी खताची पोती न्यायचीत, सोमवारच्या सोमवारी." कुणी म्हणालं, "गाडीवाले आबा उठले रे!" आबा कुबडी टेकत आले, हँडलला धरून सीटवर चढले. मी दोरी गुंडाळली आणि ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्या झटक्याला नळ्यातून काळा धूर आला आणि इंजिन लागलं, असं स्वच्छ, असं सम की शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी पण वाजवल्या, काळ्या हातांनी. आई दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. आबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. "सुके," ते म्हणाले, "तुजी आई बोलली असंल ना तुला?" मी मान डोलावली. "मला वाटलं हुतं ऐकशील तिचं." इंजिन चालू होतं, दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हतं. "कच्चा आणायचास की गं. मी काई बोललो नसतो. बसला असता दोन महिन्यांत, माणसं म्हणली असती गाडी गेली, काय करील बिचारा." मी त्यांच्याकडं बघितलं. डोळे पाण्यानं भरलेले, पण समोर बघत होते, माणसांकडं. "मला लय भ्याव वाटतंय," ते म्हणाले, "नाल्यापसून. उतार आला की हात कापतेत. तुजी शपथ. कुणापाशी बोलू हे? तुज्या आईपाशी? तिला तर लागलीच ग्वाड वाटलं असतं." मी म्हटलं, "बंद करा मग. आत्ता. मी सांगते, शाफ्ट खराब निघाला." "आता?" ते म्हणाले. "समद्यांनी ऐकलाय की आवाज."

शिवकन्या म्हणाली, "आबा, एक चक्कर मारा की, बघू तरी!" पोरं मागं चढली सुद्धा. आबांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, धुरानं पाणी आल्यासारखं, आणि मोठ्यानं म्हणाले, "सरका रे, सरका!" क्लच दाबला. हँडलवरचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. गिअर पडला. गाडी पांदणीकडं वळली, पोरं ओरडत होती, आबा ताठ बसले होते. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. नाल्याच्या उताराकडं आवाज लहान लहान होत गेला आणि मी श्वास धरून तो ऐकत राहिले, एखादा ठोका चुकेल, कुठं टक् होईल, काहीतरी अडकेल म्हणून. पहिलं नाक, दुसरं, तिसरं. पार उतारापर्यंत एकही ठोका चुकला नाही.